आधी बीळ, मग घास

"माझा मुलगा सप्टेंबरात शिकायला लीड्सला गेला आणि त्याचा लाडू माझ्यावर सोपवून गेला. लाडू म्हणजे चार वर्षांचा रॉयल पायथन जातीचा साप, नर. आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. मुलाच्या हातून तो दोन-तीन आठवड्यांनी न चुकता खायचा. माझ्याकडे आल्यापासून नऊ आठवडे झाले, त्याने तोंडात काही घेतलेलं नाही. मी जन्माची शाकाहारी. तरी गॅरेजमधल्या छोट्या फ्रीजरमधून उंदीर काढायचा, कोमट पाण्यात ठेवायचा, चिमट्यात धरून त्याच्यापुढे न्यायचा, हे सगळं शिकले. दर दोन दिवसांनी करते. तो तोंड फिरवतो. माझे गुडघे दुखतात म्हणून त्याचा व्हिवेरियम, म्हणजे त्याची काचेची पेटी, मुलाच्या खोलीतून खाली बैठकीत आणला, म्हणजे दिवसभर नजरेसमोर राहतो. सवय व्हावी म्हणून रोज मांडीवर घेते. वाटलं लहान उंदीर आवडत नसेल, म्हणून मोठा आणला. दुकानात एक जण म्हणाला, जिवंत सोडून बघा. सांगलीहून सासूबाई म्हणतात, वाटीत दूध ठेव. मुलाने वजन ११८० ग्रॅम लिहून ठेवलं होतं, काल ११३५ भरलं. मुलाला यातलं काही सांगितलेलं नाही, त्याचं पहिलंच वर्ष आहे. तोंड उघडून भरवू का? त्याचं काही बरंवाईट झालं तर मुलाला तोंड कसं दाखवू?"
– एक आई, रेडिंग

ताई,

आधी पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुम्ही हे वाचत असाल तेव्हा चिमटा हातातच असेल. नाही. तोंड उघडून भरवू नका. आज नाही, पुढच्या आठवड्यात नाही, आणि व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, स्वतः तपासून सांगितल्याशिवाय कधीच नाही. का, ते पुढे सांगते.

आता वजन. ११८०चे ११३५ झाले म्हणजे ४५ ग्रॅम गेले. शेकडा चारसुद्धा नाहीत. त्यातही मुलाने वजन केलं तेव्हा पोटात मागचं जेवण असेल आणि नंतर शी झाली असेल, तर खरी घट याहून कमी आहे. आपण उठून बसायचं ते शेकडा दहा गेले की. लाडूच्या बाबतीत तो आकडा १०६०च्या आसपास येतो. तो एका कागदावर लिहा आणि व्हिवेरियमला चिकटवून ठेवा. रात्री दोनला जाग आली आणि पोटात गोळा आला, तर जाऊन तो कागद वाचा.

नऊ आठवडे हा काळ आपल्याला भयंकर वाटतो, कारण आपण मोजतो आपल्या पोटाने. आपण खातो त्यातला फार मोठा हिस्सा अंग गरम ठेवण्यात जळतो. सापाला तो खर्चच नाही. तो ऊब बाहेरून घेतो आणि पडून राहतो. शिवाय लाडू नर आहे, वयात आलेला आहे आणि दिवस नोव्हेंबरचे आहेत. पाळलेले नर रॉयल ऐन थंडीत, जोडीच्या हंगामात, महिनोन् महिने अन्नाकडे बघत नाहीत. वर्षभर नेमाने खाणारा नर ऑक्टोबरात थांबला आणि मार्चमध्ये जणू काही झालंच नाही अशा थाटात उंदरावर झडप घालून मोकळा झाला, हे मी माझ्याच घरात कितीतरी हिवाळे पाहिलं आहे. मादी तर अंड्यांना वेटोळं घालून बसली की दोनेक महिने बहुधा अन्नाला शिवतच नाही. उपास हा या जातीच्या जगण्याचाच भाग आहे.

पण सगळं हंगामावर ढकलून मी तुम्हाला मोकळं करणार नाही. लाडू न खाण्याची काही कारणं तुमच्या पत्रातच आहेत, आणि ती सगळी तुमच्या मायेतून आलेली आहेत.

आपल्याकडे "आयत्या बिळावर नागोबा" ही म्हण माणसांना टोमणा मारायला वापरतात. रॉयल पायथनच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. पश्चिम आफ्रिकेत, घाना-टोगो-बेनिनच्या गवताळ भागात, हा साप दिवस काढतो उंदरांच्या बिळात नाहीतर रिकाम्या वारुळात. स्वतः खणत नाही. मिळालेल्या भोकात शिरतो, अंगाला चारी बाजूंनी माती टेकली की निवांत होतो, आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा घट्ट गोळा करतो. अमेरिकेत त्याला बॉल पायथन म्हणतात ते यावरूनच. तुमच्या मुलानेही लाडू हे नाव त्या गोळ्यावरूनच ठेवलं असणार.

म्हणजे हा बिळातला प्राणी आहे. त्याला आपण बैठकीत आणून ठेवला. काचेसमोरून दिवसभर माणसं जातात-येतात, टीव्ही चालतो, व्हॅक्यूम फिरतो. सापाला आपल्यासारखे बाहेरचे कान नसले तरी जमिनीतला कंप त्याला जबड्यापर्यंत पोचतो. तुम्हाला वाटलं, नजरेसमोर राहील तर बरं. त्याच्या बाजूने पाहिलं तर कुणीतरी मोठं जनावर दिवसभर त्याच्यावर नजर ठेवून आहे. अशा ठिकाणी कुठलाही शहाणा साप जेवायला बसत नाही. भक्ष्य आवळताना आणि गिळताना तो पुरता अडकलेला असतो, पळता येत नाही, चावता येत नाही. खायचं की नाही हे तो पोटाला विचारत नाही, जागेला विचारतो.

तेव्हा पहिलं काम: व्हिवेरियम परत मुलाच्या खोलीत. गुडघ्यांचं म्हणाल तर मी आता जे सांगणार आहे त्यात जिने चढण्याचं काम फार उरणारच नाही. दिवसातून एकदा पाणी बदलायचं, थर्मामीटर बघायचा, खाली यायचं. हलवायला दोन माणसं घ्या. साप आत ठेवून हलवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या, भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात तेवढा वेळ ठेवा. वर नेणं अगदीच शक्य नसेल तर खाली सगळ्यात शांत कोपरा निवडा, बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीला लागून नसलेला, आणि काचेवर दिवसा जाड कापड सोडा.

आत दोन लपणं हवीत, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, दोन्ही सारखीच. एकच असेल तर त्याला ऊब आणि आडोसा यांत निवड करावी लागते, आणि तो बहुतेक वेळा आडोसा निवडून गारठत बसतो. लपण किती मोठं? लोक इथेच चुकतात. मोकळं, ऐसपैस असेल तर बरं, असं आपल्याला वाटतं. त्याला नको असतं. आत वेटोळं घातल्यावर पाठ छताला आणि कुशी भिंतींना टेकल्या पाहिजेत, तोंड एकच, तेही लहान. उलटा घातलेला, दार कापलेला प्लॅस्टिकचा टब चालतो. कापलेली कड घासून गुळगुळीत मात्र करा. दिसायला सुंदर लाकडी ओंडक्याची कमान असेल, दोन्हीकडून उघडी, तर ती शोभेला राहू द्या, पण ते लपण नव्हे. मधली मोकळी जागा खोट्या वेली, कॉर्कची साल, चुरगळलेले कागद यांनी भरून टाका. उघड्या जमिनीवरून जावं न लागता त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकता आलं पाहिजे.

दुसरं, ऊब. तुम्ही तापमानाबद्दल एक शब्द लिहिला नाहीत, त्यामुळे मला सगळ्यात जास्त शंका तिथेच आहे. गरम बाजूला ३१-३२ अंश सेल्सिअस, थंड बाजूला २५-२६, आणि रात्री कुठेही २४च्या खाली नको. सप्टेंबरात तुमच्या घराचं तापमान वेगळं होतं. आता रात्री सेंट्रल हीटिंग बंद झालं की खोली १५-१६ अंशांवर येत असेल आणि आतला हीटर कमी पडत असेल. काचेला चिकटवलेल्या गोल काट्याच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या, दोन्ही बाजूंना एकेक, आणि त्याचं टोक जमिनीलगत, साप बसतो त्या उंचीवर ठेवा. पहाटे पाचला एकदा उठून आकडा बघा. दिवसाचे आकडे सगळ्यांचे छान असतात.

हीटर थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्राला, जोडलेला आहे ना, तेही बघा, आणि त्याचा सेन्सर जागचा हलला नाही ना, तेही. माझ्या मादीने तिच्या दुसऱ्या वर्षी पाच महिने खाणं सोडलं होतं. उंदीर बदलले, वेळा बदलल्या, दिवे बदलले. शेवटी एका रविवारी सगळं बाहेर काढून साफ करताना दिसलं, सेन्सरची वायर सरकून थेट हीटरला टेकली होती. त्यामुळे थर्मोस्टॅट लवकर बंद होत होता आणि गरम बाजू २७च्या वर जातच नव्हती. साप पुरेसा तापला नाही तर त्याला अन्न पचत नाही, पोटात सडतं. म्हणजे ती न खाऊन स्वतःला वाचवत होती, आणि मी तिला नखरेल म्हणत होते. वायर जागेवर बांधली आणि अठराव्या दिवशी तिने खाल्लं.

हवेतला दमटपणा ५५ ते ६५ टक्के असू द्या. तुमच्याकडे हिवाळ्यात रेडिएटर चालू झाले की हवा कोरडी पडते. पाण्याचं भांडं मोठं ठेवा, तळाला नारळाच्या भुश्याचा थर असेल तर त्याच्या एका बाजूला पाणी ओता. आणि डोळ्यांकडे लक्ष द्या. डोळे निळसर, दुधाळ दिसायला लागले, अंगाचा रंग मळका झाला, की तो कात टाकणार आहे. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, काही देऊच नका. डोळे पुन्हा स्वच्छ होतात, मग दोन-चार दिवसांत कात पडते, एक सलग मोज्यासारखी. कात पडल्यानंतरचे दिवस खायला घालायला सगळ्यात चांगले.

तिसरं, तुमचे हात. रोज मांडीवर घेणं आजपासून बंद. मला कल्पना आहे, मुलगा घरात नाही, आणि तो गार, जड गोळा मांडीवर घेऊन बसलं की मुलाची एक गोष्ट जवळ असल्यासारखी वाटते. खाणं पुन्हा बसलं की परत घ्या, आठवड्यातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं. आत्ता मात्र त्याला माणूस विसरू द्या. आणि दर दोन दिवसांनी उंदीर दाखवणंही बंद. प्रत्येक वेळी दार उघडतं, चिमटा येतो, नाकासमोर काहीतरी नाचतं, तो दचकतो आणि मागे सरतो. अशा पंचवीस-तीस वेळा झाल्या असतील. आता त्याच्या डोक्यात उंदीर म्हणजे त्रास असं बसायला लागलं असेल. खोली, लपणं, ऊब ठीक झाल्यावर पूर्ण दोन आठवडे काहीही देऊ नका. फक्त पाणी. हे दोन आठवडे तुम्हाला सगळ्यात कठीण जातील. आपल्याकडे घरातलं कुणी जेवलं नाही की आपल्यालाही घास गिळत नाही, "थोडं तरी खा" म्हणत आपण ताट घेऊन मागे फिरतो. इथे ताट घेऊन मागे फिरायचं नाही, एवढाच उपाय आहे.

मोठा उंदीर आणलात तो फ्रीजरमध्येच तळाशी राहू द्या. लाडूच्या वजनाला ६० ते ८० ग्रॅमचा उंदीर पुरे. सोपी खूण म्हणजे त्याच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, तेवढ्याच जाडीचा उंदीर. बिचकलेल्या सापाला त्याहूनही एक माप लहान द्यावा. आणि मुलगा कोणता देत होता, रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) की माऊस (छोट्या जातीचा), पांढरा की करडा, हे त्याला विचारा. रॉयल या बाबतीत हट्टी असतात. एकदा माऊसच्या वासाला सोकावला की रॅटला अन्न मानतच नाही, असा रॉयल मी वर्षभर सांभाळला आहे.

दोन आठवडे झाले, कात नाही, आकडे बरोबर आहेत. मग एक संध्याकाळ निवडा. आदल्या रात्री उंदीर पिशवीसकट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, बंद डब्यात ठेवा. तुमच्या घरात हे नको असेल तर गॅरेजमध्ये थंडीत सावकाश वितळू द्या, पण दिवसभर नको. मायक्रोवेव्ह कधीच नको. बाहेरून शिजतो, आतून बर्फ राहतो, आणि पोट फुटतं. स्वयंपाकघरातलं एकही भांडं या कामाला वापरू नका, वेगळी बादली, वेगळा चिमटा ठेवा, आणि नंतर हात साबणाने धुवा. उंदीर काय, साप काय, दोघांच्याही अंगावर साल्मोनेला नावाचे, पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

रात्री नऊच्या सुमारास घरातले दिवे मंद करा. उंदीर पिशवीतच ठेवून गरम पाण्यात धरा, हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम. पोटाला दाबून बघा, मध्ये गारेगार लागता कामा नये. मग बाहेर काढून कोरडा करा. ओला उंदीर त्यांना आवडत नाही. जुन्या टॉवेलने पुसा आणि हेअर ड्रायरने केस फुलवा. सगळ्यात शेवटी डोकं गरम करा, अंगापेक्षा जरा जास्त, ३८-४० अंशांपर्यंत. याचं कारण लाडूच्या ओठावर आहे. भिंग घेऊन बघा, वरच्या ओठाच्या कडेला छोट्या खळग्यांची रांग दिसेल. त्या खळग्यांनी तो उष्णता बघतो. अंधारात त्याच्यासाठी उंदीर म्हणजे एक उबदार ठिपका. आत्तापर्यंत तुम्ही कोमट पाण्यातून काढून बैठकीत आणून त्याच्यापुढे धरलेला उंदीर बहुधा पोचेपर्यंत गार, ओला झालेला असणार. वास येतो पण ऊब नाही, म्हणजे त्याच्या हिशेबाने ते मेलेलं काहीतरी. म्हणून पाणी आणि ड्रायर वर खोलीतच न्या.

लपणाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, लांब चिमट्याने, शेपटीच्या मुळाशी धरून, उंदीर जमिनीलगत हलकेच हलवा. नाकावर टेकवू नका. समोरून आणू नका, बाजूने आणा. आणि बघत राहा. आधी जीभ येईल. भरभर आत-बाहेर करणारी जीभ म्हणजे तो चौकशी करतोय. मग जीभ सावकाश होते, डोकं उंदराच्या रोखाने स्थिर होतं, मानेचा आकडा वळतो आणि अंग त्यामागे गोळा व्हायला लागतं. असं दिसलं की श्वाससुद्धा हळू घ्या, चिमटा एकदाच किंचित मागे ओढा आणि थांबवा. झडप बसली की ताबडतोब सोडा आणि दिवा न लावता बाहेर या. उलट डोकं मागे नेलं, वेटोळ्याखाली लपवलं किंवा फुत्कार टाकला, तर त्या दिवशीचं आटोपलं. पाच मिनिटांच्या वर उभं राहू नका. उंदीर एका पुठ्ठ्यावर लपणाच्या तोंडाशी ठेवा, दार लावा, काचेवर कापड टाका, झोपायला जा. कितीतरी लाजरे रॉयल असे रात्री एकटे असतानाच खातात. सकाळी उंदीर तसाच असेल तर टाकून द्या, पुन्हा गोठवू नका, आणि पुढचे दहा ते चौदा दिवस पुन्हा काही नाही.

असं तीन वेळा होऊन नकारच आला, तर वासाचा खेळ करून बघू. नायजेरियातल्या रॉयलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं आहे की लहान अंगाचे साप बहुतेक पक्षी खातात, मोठे झाले की उंदरांकडे वळतात, आणि मादीपेक्षा नर झाडावर जास्त चढतात. त्यामुळे गोठवलेलं कोंबडीचं पिल्लू उंदराला चोळून दिलं की एखादा अडून बसलेला नर एकदम जागा होतो. पण हे नंतर. आधी बीळ.

जिवंत उंदीर नको. त्या माणसाने तुम्हाला दिलेला हा सल्ला वाईट आहे. भूक नसलेल्या सापाजवळ सोडलेला उंदीर स्वतः घाबरलेला असतो आणि चावतो. रॉयलच्या पाठीचं मांस हाडापर्यंत कुरतडलेलं मी पाहिलं आहे, मालक रात्रभर उंदीर आत ठेवून झोपला होता. उंदराचेही हाल होतात ते वेगळेच.

सासूबाईंना सांगा, दूध नको, स्वच्छ पाणी ठेवलंय. त्या नागपंचमीच्या मायेने बोलल्या आहेत, त्यांना दुखवू नका. पण साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीला जो दूध पिताना दिसतो, तो आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो, म्हणून मिळेल त्या ओलाव्याला तोंड लावतो. त्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगा: बेनिनमध्ये ओइदा नावाचं गाव आहे, तिथे लाडूच्याच जातीच्या सापांचं देऊळ आहे. साप रात्री गावात फिरतात, कुणाच्या घरात शिरले तर लोक त्यांना सन्मानाने परत आणून सोडतात.

(महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी एवढंच: आपल्या रानातला भारतीय अजगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो पाळणं हा गुन्हा आहे, कितीही जखमी सापडला तरी वनविभागालाच कळवायचं. रॉयलसारख्या परदेशी जातींचीही २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करावी लागते.)

आता जबरदस्तीने भरवण्याबद्दल. मी ते केलेलं आहे. माझ्याकडे अंड्यातून येऊन तीन महिने झालेलं एक पिल्लू होतं, त्याने एकदाही खाल्लं नव्हतं. माझा धीर सुटला. दोन बोटांत डोकं धरून, जबडा उघडून, छोटं पिंकी, म्हणजे उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, आत सारलं. ते गेलं, मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते सगळं उलटून टाकलं. सापाला उलटी फार महागात पडते, पोटातलं आम्ल आणि पाणी दोन्ही जातं. जबड्याला जखम झाली होती, ती चिघळली. व्हेटने ते वाचवलं, पण पुढचे दोन महिने हात जवळ आला तरी ते तोंड गच्च मिटून गोळा व्हायचं. ते दिवस मी विसरलेले नाही, आणि तुम्ही त्यातून जावं असं मला वाटत नाही. अगदी खंगलेल्या पिल्लाला नळीने किंवा हाताने भरवायची वेळ येतेही, पण ती वेळ ठरवणारा आणि ते करणारा व्हेटच असला पाहिजे. लाडू ११३५ ग्रॅमचा गडी आहे. तो त्या वाटेवर कुठेच नाही.

व्हेटकडे केव्हा जायचं ते मात्र नीट ऐका, कारण मी व्हेट नाही, एकोणीस वर्षं रॉयल सांभाळणारी बाई आहे. वजन १०६०च्या खाली गेलं तर. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज आला, नाकातोंडाशी बुडबुडे दिसले, तोंड उघडं ठेवून मान वर करून बसला, तर वजन न बघता त्याच दिवशी. हिरड्यांवर पिवळट चिकट थर, उलटी, पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगताना दिसणं (ते गोचिडासारखे बारीक किडे असतात), पाठीचा कणा वर येऊन अंग छपरासारखं त्रिकोणी दिसणं, डोकं मागे वळवून नुसतं वर बघत राहणं, यातलं काहीही. कुत्री-मांजरी बघणारा नेहमीचा व्हेट नको, एक्झॉटिक, म्हणजे साप-सरड्यांसारखे वेगळे प्राणी बघणारा शोधा, आणि तो आत्ताच शोधून नंबर लिहून ठेवा. बरोबर ताजी शी घेऊन जा, त्यात जंत तपासता येतात.

एक वही करा. तारीख, पहाटेचं आणि दुपारचं तापमान, कात, शी, काय दिलं, घेतलं की नाही. वजन दोन आठवड्यांतून एकदाच, त्याच काट्यावर, त्याच डब्यात. रोज काटा बघितलात तर पाच ग्रॅमच्या चढउताराने जीव खाल्ला जाईल.

आणि ताई, मुलाला सांगा. या रविवारीच. तुम्ही लपवताय ते त्याच्या भल्यासाठी, पण लाडूबद्दलची निम्मी माहिती त्याच्याच डोक्यात आहे: कुठल्या दुकानातून उंदीर आणायचा, खोलीत दिवे कसे ठेवायचा, गेल्या हिवाळ्यात हा किती दिवस उपाशी होता. मला तर वाटतं, गेल्या हिवाळ्यातही होता आणि मुलाने तुम्हाला सांगितलं नव्हतं. "लाडू खात नाहीये, काय करू?" एवढंच विचारा. बरंवाईट होण्याची भाषा नको. एकोणीस वर्षांच्या मुलाला आपली आई आपल्यासाठी गोठवलेले उंदीर हाताळायला शिकली हे कळायला हवं. जन्मभर मांसाला हात न लावलेल्या बाईने हे केलं, माझ्या लेखी ही लहान गोष्ट नाही.

अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात या जातीची एक मादी १९६१ साली आली. २०२० साली, साठी ओलांडल्यावर, तिने सात अंडी घातली. एवढं लांब आयुष्य असतं यांचं. लाडू चारच वर्षांचा आहे. असे हिवाळे अजून पुष्कळ यायचे आहेत.

या शनिवारी खोली, रविवारी फोन, मग दोन आठवडे शांतता. ज्या रात्री तो खाईल, त्यानंतर पूर्ण दोन दिवस हात लावू नका, आनंदाच्या भरात लगेच दुसरा उंदीर देऊ नका, दहा दिवस जाऊ द्या. आणि मला कळवा. वहीतलं ते पान, तारखेसकट.